बाहेरचा कान

शाल्मली जगदाळेला दुसऱ्याचं ऐकायचा कंटाळा होता, पण हे तिला तोंडावर कुणी सांगितलं नाही. सांगणार तरी कसं? ती बोलायला उभी राहिली की सभागृह गार पडायचं. शाळेपासून वक्तृत्वस्पर्धेच्या ढाली घरी येत होत्या. आधी शोकेस भरलं, मग फ्रिजचं डोकं भरलं, आणि आता जुन्या ढाली आई पोत्यात घालून माळ्यावर टाकत होती. आई साताऱ्यात एका शाळेत मराठी शिकवायची आणि लेकीला तिनेच तयार केलं होतं. 'समोरचा बोलतोय तेवढ्यात आपला पुढचा मुद्दा जुळवून ठेवायचा' हा आईचा पहिला धडा. पोरीने तो असा काही मनावर घेतला की कुणी बोलायला लागलं की तिला त्याचे फक्त ओठ हलताना दिसायचे आणि डोक्यात स्वतःचं भाषण सुरू व्हायचं.

आता अशा मुलीने 'ऐक ना' नावाच्या उपक्रमात नाव घालावं, याला काय म्हणावं? पण घातलं. कारण तिथेही शेवटी एक व्यासपीठ होतं.

उपक्रम चांगला होता, उगाच नावं ठेवण्यात अर्थ नाही. मागे एका शहरात बाहेरून शिकायला आलेली मुलं आणि तिथली मुलं यांच्यात मेसच्या जेवणावरून जुंपली. बोलाचाली, मग दगड, मग दवाखाना. त्यावर सभा झाल्या, शांतिफेऱ्या झाल्या, त्यात पोरं जांभया देत चालली. शेवटी एका संस्थेने ठरवलं की उपदेश पुरे, पोरांना एकमेकांना गोष्टी सांगू द्या. इकडचा एक, दूरच्या मुलखातला एक, अशा जोड्या लावायच्या. दर आठवड्याला दोघांनी फोनवर भेटायचं आणि आपल्या लोकांची गोष्ट सांगायची. अखेरीस सगळ्यांनी साताऱ्यात जमायचं आणि व्यासपीठावरून स्वतःची नव्हे, जोडीदाराची गोष्ट सांगायची. ज्याची उत्तम होईल तो परदेशातल्या युवा संमेलनाला जाणार. शाल्मलीला हे शेवटचं वाक्य तेवढं नीट ऐकू आलं.

भाषेची अडचण नव्हती, कारण दुभाष्या होता. दुभाष्या म्हणजे कानात बसणारं हरभऱ्याएवढं बटण आणि गळ्यावर चिकटवायची पातळ पट्टी. भाषांतर करणारी यंत्रं तोवर घरोघरी झाली होती, त्यात नवल राहिलं नव्हतं. पण गोष्टी सांगायची वेळ आली तेव्हा एक खोट उघडी पडली. वाक्य पुरं झाल्याशिवाय त्याचं भाषांतर नीट होत नाही. त्यामुळे ऐकणाऱ्याला सगळं थोडं उशिरा कळतं, आणि त्याचा 'हं' त्याहून उशिरा येतो. एरवी चालून जातं हे. गोष्टीत चालत नाही. 'हुंकार दे, नाहीतर मी थांबते,' असं आपल्याला लहानपणी प्रत्येकाला कुणी ना कुणी बजावलेलं असतं. ती काही नुसती दटावणी नसते. हुंकार वेळेवर आला नाही की सांगणाऱ्याचा जीव गोष्टीतून उठतो. पहिल्या चाचण्यांमध्ये तेच झालं. पोरं दोन-चार वाक्यं बोलायची आणि गप्प व्हायची.

मग संशोधकांच्या लक्षात एक गोष्ट आली. माणूस 'हं' म्हणतो त्याच्या किंचित आधी त्याच्या गळ्याचे स्नायू आवळतात आणि श्वास थबकतो. इकडे सांगणाऱ्याचा सूरही वाक्य संपवताना एका ठरावीक रीतीने खाली येतो. दोन्ही मोजता येतात. पट्टी गळा वाचते, बटण सूर वाचतं, आणि दुभाष्या ऐकणाऱ्याच्याच आवाजात, अगदी वेळेवर, हुंकार वाजवतो. मागून येणारा खरा 'हं' तो गाळून टाकतो. एवढ्याने फरक पडला. पोरं तास तास बोलू लागली.

इथे थांबले असते तर बरं झालं असतं. पण त्यांनी पुढचा विचार केला. ऐकणाऱ्याचं लक्ष क्षणभर उडालं, गळा हललाच नाही, तर सांगणाऱ्याचा हिरमोड नको. म्हणून 'साथ' नावाची सोय घातली. गळा गप्प असला तरी नुसत्या सुरावरून दुभाष्या हुंकार देत राहायचा. ही सोय सगळ्यांच्या यंत्रात आधीपासून सुरू होती. तसं बारीक अक्षरांत लिहिलेलंही होतं, पण बारीक अक्षरं कोण वाचतो?

शाल्मलीची जोडी लागली जुनमोनी पेगूशी. जुनमोनी आसामातली, ब्रह्मपुत्रेच्या काठची, मिसिंग नावाच्या आदिवासी समाजातली. नदीच्या बांधावर भरणाऱ्या शाळेत लहान मुलांना शिकवायची. पहिल्याच फोनवर तिने विचारलं, "तुझ्या नावाचा अर्थ काय?"

"सावरीचं झाड. लाल फुलांचं, कापूस देणारं."

"खरंच? अगं, ते झाड आमच्या घाटावर होतं. होड्या त्यालाच बांधायचे. लांबून फुलं दिसली की माणसं म्हणायची, आलं गाव." जुनमोनी हसली. "म्हणजे मला बरोबर माणूस मिळालं."

हे शाल्मलीने मन लावून ऐकलं. ऐकणारच, तिच्या नावाबद्दल होतं.

मग जुनमोनीने आवाज थोडा खाली आणला आणि म्हणाली, "आता मी तुला आमच्या वाटेच्या गोष्टीबद्दल सांगते." तेवढ्यात बेल वाजली. शेजारच्या सुमनकाकू विरजण मागायला आल्या होत्या. शाल्मलीने बटण आणि पट्टी काढून टेबलावर ठेवली आणि दार उघडलं. काकू नुसतं विरजण घेऊन थोड्याच जाणार? त्यांच्या भाचीचं लग्न मोडलं होतं.

टेबलावरच्या बटणाला जुनमोनीने जे सांगितलं ते असं होतं. त्यांचं गाव नदीने नेलं तेव्हा ती पाळण्यात होती. तेव्हापासून सगळी घरं बांधावर झोपड्या घालून राहतात. पण नदी नेते तशी कधीतरी परतही देते. रेती साचते, गवत येतं, बेट वर निघतं. मग प्रश्न पडतो, कुणी कुठे राहायचं? नकाशा कामाचा नाही. नकाशातली जागा पाण्यातच असते, वर आलेली जमीन निराळ्या आकाराची असते. तिथे घरं मोजून बसत नाहीत, शेजार बघून बसतात. कुणाच्या उजवीकडे कोण, कुणाच्या अंगणातून कुणाची वाट. ते सगळं त्यांच्या गावाने एका गोष्टीत ठेवलं होतं. घाटापासून सुरू करायचं आणि एकेक घर घेत वर चालत जायचं.

ही गोष्ट दोन कानांत ठेवायची रीत होती. एक आतला कान, गावातला. एक बाहेरचा, ज्याचा त्या जमिनीवर कणभरही हक्क नाही. आतल्या कानाला मोह पडू शकतो, म्हणून तंटा झाला की बाहेरच्या कानाचा शब्द शेवटचा. आधीचा बाहेरचा कान पलीकडच्या बाजारातला मिठाचा व्यापारी होता, तो वारला. गोष्ट ऐकल्यावर मधे एक पूर जावा लागतो, तेव्हाच तो कान साक्षीला चालतो. ताज्या कानाला कुणीही पढवू शकतो, असं गाव मानतं.

"बेट वर यायला लागलंय," जुनमोनी म्हणाली. "बाबा आणि काका आत्ताच घाटाजवळच्या उंचवट्यावरून कुरकुरतायत. पावसाळा तोंडावर आहे. पूर गेला की हिवाळ्यात घरं उभी करायची. गावाने मला सांगितलंय, तूच शोध कान. तू होशील?"

टेबलावरचं बटण शाल्मलीच्या आवाजात म्हणालं, "हं."

काकू गेल्यावर शाल्मली घाईघाईने परत आली, बटण कानात घातलं. आता काय सांगायचं, कुठे गेले होते म्हणायचं, असा विचार करत होती, तोच जुनमोनीचा भरून आलेला आवाज आला, "किती छान ऐकतेस गं. मध्ये एकदाही तोडलं नाहीस."

शाल्मली चाट पडली. मग तिच्या लक्षात आलं आणि तिला हसू फुटलं. थोडं ओशाळल्यासारखंही वाटलं, नाही असं नाही. पण ते संध्याकाळपर्यंतच.

पुढचे सगळे फोन तसेच गेले. स्वतःची पाळी आली की शाल्मली रंगात यायची. पणजोबांनी सावकाराला गावाबाहेर कसं काढलं, ती गोष्ट तिने अशी सांगितली की पलीकडे जुनमोनी श्वास रोखून ऐकत होती. तिचे 'हं' तिचे स्वतःचे होते. जुनमोनीची पाळी आली की शाल्मली बटण टेबलावर ठेवायची आणि पुढच्या स्पर्धेची तयारी करायची, नाहीतर नखं रंगवायची. अधूनमधून कानाला लावून बघायची. हातमागाचं काहीतरी चाललेलं असायचं, कुणाच्या तरी डुकरांचं, कुणाच्या तरी ओट्याचं. घर, मग घर, मग घर. यात गोष्ट कुठे आहे, असं तिला वाटायचं, आणि ती पुन्हा बटण खाली ठेवायची.

साताऱ्याचा कार्यक्रम जवळ आला तेव्हा जगदाळे बाईंनी विचारलं, "त्या पोरीची गोष्ट तयार आहे ना?"

"होईल गं आई."

होईल म्हणजे काय, तर दुभाष्या बोलणं साठवून ठेवत नव्हता. खाजगी बोलणं साठवायचं नाही, असा नियमच होता. म्हणून शाल्मलीने आपल्या फोनलाच सांगितलं, नदीत गेलेलं गाव, घाटावर सावर, हातमाग, एक गोष्ट बनव, डोळ्यांत पाणी आलं पाहिजे. फोनने बनवली. पुरात आपला माग वाचवायला परत फिरलेली आई, काठावर उभी लेक, पाण्यावरून वाहत आलेलं अर्धं विणलेलं वस्त्र. शाल्मलीने ती एका बैठकीत पाठ केली. आईने हातवारे बसवून दिले. "'आणि नदी शांत झाली' म्हटलंस की थांब. मनात तीन मोज. मग वर बघ."

जुनमोनी रेल्वेने कितीतरी राज्यं ओलांडून आली. सभागृहाच्या दारात तिने शाल्मलीला मिठी मारली आणि पिशवीतून एक हातमागाचं उपरणं काढून तिच्या खांद्यावर घातलं. लाल काठ, बारीक नक्षी. "आत्याने विणलंय. बाहेरच्या कानाला देतात."

बाहेरचा कान? दुभाष्या कुठेतरी घसरला असेल, असं शाल्मलीला वाटलं. पण उपरणं सुरेख होतं, तेच घेऊन ती व्यासपीठावर गेली.

आणि बोलली. काय बोलली, विचारू नका. मागच्या रांगेतली पोरंसुद्धा फोन खाली ठेवून ऐकत होती. उपक्रमाच्या प्रमुख तांबोळी मॅडम, कडक बाई, पण त्यांनीही चष्मा काढला. जोडीदारांचे दुभाषे एकमेकांना जोडलेले होते, त्यामुळे शाल्मलीच्या कानात जुनमोनीचा हुंकार येत होता. आई मागे फिरली, हं. पाणी छातीला लागलं, हं. शाल्मलीला इतकं बरं वाटलं. म्हणजे चुकलं नाही फारसं, ती ओळखतेय आपली गोष्ट.

"आणि नदी शांत झाली." ती थांबली, मनात तीन मोजले आणि वर बघायच्या ऐवजी तिने पहिल्या रांगेत बघितलं.

जुनमोनी मांडीवर हात ठेवून बसली होती. तिच्या उघड्या तळव्यावर बटण आणि पट्टी ठेवलेली होती. ती शाल्मलीकडे बघत होती.

कानात आवाज आला, "हं."

शाल्मलीने पुढचं वाक्य म्हटलं. ते पाठ होतं, म्हणून निघालं. पुन्हा वेळेवर 'हं' आला. तिच्या मानेपासून कानशिलापर्यंत रक्त चढलं. खांद्यावरचं उपरणं काढून टाकावंसं वाटलं, पण सगळे बघत होते. तशीच ती शेवटापर्यंत गेली, आणि टाळ्या थांबेचनात. पहिला नंबर तिचाच आला. ढाल घेताना तिने मान वर केली नाही आणि लोकांना वाटलं, पोर भारावली.

जुनमोनी मागच्या पायऱ्यांवर बसलेली सापडली. बटण न घालताच ती बोलली, मोडक्या हिंदीत, एकेक शब्द जुळवत. शाल्मलीची हिंदीही बेताचीच.

"आमच्या गोष्टीत कुणी बुडत नाही," ती म्हणाली. "कुणी मरतच नाही. घरं आहेत फक्त."

"जुनमोनी, मी..."

"कुठल्या दिवशी ऐकलं नाहीस?"

शाल्मलीला खोटं बोलता आलं असतं. एखादा दिवस, आजारी होते, नेट गेलं होतं. तोंडाशी आलंही होतं. पण समोरची मुलगी उत्तराची वाट बघत होती आणि तिच्याकडे बघून ते निघेना.

"कुठल्याच दिवशी नाही."

जुनमोनीने गोष्टीतली घरं सोडून बाकी सगळं पुन्हा सांगितलं, मिठाचा व्यापारी, दोन कान, बाबा आणि काका, वर आलेलं बेट. पूर येऊन गेला होता. बांबू तोडून झाले होते. गाव फक्त बाहेरच्या कानाची वाट बघत होतं. "तू हो म्हणालीस. तुझ्या आवाजात."

आणि तरीसुद्धा, बघा माणसाची सवय कशी असते, तिच्या तोंडून निघालं ते हे: "तू आत्ता सांग परत. मी दोन दिवसांत पाठ करते. माझं पाठांतर चांगलं आहे, अक्षर इकडचं तिकडे होणार नाही. कुणाला कळणार पण नाही."

जुनमोनीने तिच्याकडे असं बघितलं की शाल्मलीला स्वतःचेच शब्द परत ऐकू आले.

"नाही कळणार," जुनमोनी म्हणाली. "घाटाजवळचं घर माझ्या बाबांचं होतं, असं मी तुला सांगेन आणि तू ते म्हणशील. ते खरंही आहे. पण मग तू बाहेरचा कान नाहीस. माझंच तोंड आहेस." ती उठली. "तिथे येऊन तूच सांग की ऐकलं नाहीस. तुझ्या वतीने मी नाही सांगणार. गावाला तुझं नाव मीच दिलंय."

घरी आईने सगळं ऐकून घेतलं आणि शिक्षिकेच्या आवाजात म्हणाली, "यात तुझी चूक कुठे आहे? यंत्राची आहे. तसं सरळ लिहून कळव आणि मोकळी हो. आसामला कशाला जायचं?"

"आई, दार उघडायला मी गेले. परत येऊन तिला सांगितलं नाही, तेही मीच."

"अगं, पण तिथे जाऊन काय मिळणार? चारचौघांत शोभा."

"हो," शाल्मली म्हणाली. आई पुढे काही बोलली, आणि शाल्मलीच्या ध्यानात आलं की आपण तिचं बोलणं चालू असताना पुढच्या उत्तराची जुळवाजुळव करत होतो. तिला आपली शरम वाटली. "आई, परत सांग. मी ऐकलं नाही," ती म्हणाली. आईला तो टोमणा वाटला आणि ती रागाने आत निघून गेली.

ढाल तिने तांबोळी मॅडमना परत केली. मॅडमनी दार लावून घेतलं. "बेटा, 'साथ' सगळ्यांचीच चालू होती. मी काल आकडे मागवले. गळ्याच्या पट्टीवरून कळतं ना, खरं कोण ऐकत होतं." त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. "आपण लोकांना सांगत फिरतोय, पोरं एकमेकांचं ऐकायला शिकली. मी स्वतः भाषणात सांगितलं. मला आज आरशात बघवत नाही." त्याच आठवड्यात त्यांनी 'साथ' बंद करायला लावली. कार्यक्रमानंतरही फोन चालू ठेवले होते, त्यांत निम्म्याहून जास्त जोड्या थोड्या वेळातच गप्प झाल्या. उरलेल्या अडखळत राहिल्या, पण बोलत राहिल्या.

शाल्मली हिवाळ्यात बेटावर पोचली. बॅटरीवर चालणाऱ्या होडीतून उतरताना तिने दुभाष्या पिशवीत टाकला, कारण जुनमोनीने होडीत बसतानाच सांगितलं होतं, तिथे ते नको. दोघी वाटेत तेवढंच बोलल्या.

बेट म्हणजे नुसती रेती आणि हिरवं गवत. एका बाजूला तोडलेले बांबू रचून ठेवलेले होते, घराच्या खांबांसाठी. गाव रेतीवर अर्धगोल करून बसलं होतं. मध्ये जुनमोनीची आत्या, बारीक, ताठ बसलेली. तिच्या एका हाताला जुनमोनीचे बाबा, दुसऱ्या हाताला काका. दोघे एकमेकांकडे बघत नव्हते. शाल्मलीला पाहून एका म्हातारीने सरकून तिला बांबूंच्या ढिगाच्या सावलीत जागा करून दिली. कुणीतरी तांदळाच्या पिठाचं काहीतरी गोड आणून हातावर ठेवलं.

हजार माणसांपुढे न अडखळलेली मुलगी पन्नास-साठ माणसांपुढे उभी राहिली. हात कुठे ठेवायचे ते तिला कळेना.

"मी ऐकलं नाही," ती हिंदीत म्हणाली. "जुनमोनीने सगळं सांगितलं. नीट सांगितलं. मी यंत्र टेबलावर ठेवलं आणि दुसरी कामं केली. हुंकार यंत्राने दिला. जुनमोनीला ते माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मला लाज वाटते."

जुनमोनीने ते एकेक वाक्य करून त्यांच्या भाषेत सांगितलं. आवाज न चढवता, काहीही न गाळता. कुणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं.

एका म्हाताऱ्याने काहीतरी विचारलं. जुनमोनीने सांगितलं, "थोडं तरी आठवतं का, म्हणतायत."

"घाटावर सावर होती. होड्या तिला बांधायचे."

म्हातारा पुढच्या वाक्यासाठी थांबला. पुढचं वाक्य नव्हतं. तेवढंच का लक्षात राहिलं, हेही शाल्मलीने सांगून टाकलं, की ते माझ्या नावाचं झाड होतं म्हणून. हे भाषांतर करताना जुनमोनीचा आवाज पहिल्यांदा हलला.

मग त्यांची आपापसात बोलणी झाली, फार लांबली नाहीत. काकांनी उठून रेतीत काठीने एक रेघ ओढली, बाबांनी ती पायाने पुसली, आणि आत्याने एका शब्दात दोघांना खाली बसवलं. निर्णय जुनमोनीने शाल्मलीला सांगितला. यंदा घरं उभी राहणार नाहीत. नवा कान नेमायचा, त्याला गोष्ट सांगायची, मध्ये एक पूर जाऊ द्यायचा, आणि मग बघायचं. तोवर सगळे बांधावर.

"म्हणजे अजून एक पावसाळा?"

"हो. बेट राहिलं तर."

ज्या म्हातारीने सावली दिली होती ती उठली आणि बांबूंच्या ढिगावरून जुन्या ताडपत्रीचं टोक ओढून नीट झाकायला लागली.

"आणि तू?" शाल्मलीने विचारलं.

"मी आता सांगायची नाही. मी निवडलेला कान फुटका निघाला. या खेपेला आत्याच सांगेल." जुनमोनी हे सरळ म्हणाली. त्यात राग नव्हता, आणि त्यामुळे ते ऐकवत नव्हतं.

नवा कान म्हणून बाजारातल्या केसरदेवीला बोलावलं होतं. वारलेल्या मिठाच्या व्यापाऱ्याची सून, आता दुकान तीच चालवायची. दुकान बंद करून आली होती, कमरेला किल्ल्या तशाच. शाल्मलीने खांद्यावरचं उपरणं काढून घडी घातली आणि आत्यापुढे धरलं. आत्याने ते घेतलं, झटकलं आणि केसरदेवीच्या खांद्यावर घातलं.

"मी जाऊ का?" शाल्मलीने हळूच विचारलं.

जुनमोनीने आत्याला विचारलं. आत्याने शाल्मलीकडे पहिल्यांदा नीट बघितलं आणि दोन-चार शब्द बोलली.

"बसायला हरकत नाही, म्हणतेय. मागे बस. पण हुंकार द्यायचा नाही."

शाल्मली सगळ्यांच्या मागे रेतीवर बसली. आत्याने सुरुवात केली. एक शब्द कळत नव्हता. आत्या हाताने दाखवत होती, इकडे, मग वर, मग वळून. एका घरापाशी सगळे हसले. एका घरापाशी काकांनी मान खाली घातली. वाक्य संपत आलं की आत्याचा सूर खाली यायचा, थांबायचा, आणि केसरदेवी म्हणायची, "हं." मग आत्या पुढच्या घराकडे निघायची. भाषा न कळताही शाल्मलीला ते थांबणं कळू लागलं. सूर कुठे उतरणार ते आधीच कळू लागलं. ती इतकं कुणाचं ऐकत बसली नव्हती कधी.

मधेच वाऱ्याने रेती उडाली आणि केसरदेवीच्या डोळ्यांत गेली. ती पदराने डोळे पुसू लागली आणि तिचा हुंकार चुकला. आत्या थांबली. सगळं गाव थांबलं. घाटापासून कितव्या तरी घराच्या अंगणात गोष्ट तशीच उभी राहिली.

शाल्मलीचा श्वास थबकला. गळा आवळला. 'हं' अगदी ओठांपर्यंत आला, तिचा स्वतःचा, खराखुरा.

तिने तोंडावर हात दाबून धरला आणि तो गिळला.